साफ केलेला चेहरा

लग्नाच्या हॉलबाहेर वधूवरांचा दहा फुटी फलक लावलेला असतो. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतात. मी त्या फलकाला नाक लावून उभा असतो. नवरीच्या गालावर जाळी आली आहे का, नवरदेवाच्या जबड्याच्या कडेने पांढरी रेघ दिसते का, हे तपासल्याशिवाय मला आत जाऊन जेवताच येत नाही. "अहो, मुलीकडचे बघतायत," असं दातांतल्या दातांत म्हणत बायको मला दंडाला धरून आत नेते. पंक्तीत बसल्यावर शेजारच्याला सांगते, "यांचं तसंच आहे. देवळात गेले तरी आधी फ्रेमचा कोपरा बघतात."

मी नोकरीत नेमकं काय करत होतो, हे आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते नातेवाइकांना सांगत, "जावई सिल्वासाला झेरॉक्समध्ये आहेत." पहिली दोन वर्षं मी दुरुस्ती करून पाहिली. "मामा, झेरॉक्स नाही, स्कॅनिंग. मोठ्या छपाईसाठी चित्रं स्कॅन करतो." ते मान डोलवायचे आणि पुढच्या पाहुण्याला सांगायचे, "मोठ्या झेरॉक्समध्ये आहेत." मग मी नाद सोडला. दमायला होतं हो. आणि आता मागे वळून पाहिलं तर वाटतं, म्हाताऱ्याचं फारसं चुकत नव्हतं.

मूळचा मी खानदेशातला. ऐंशीच्या दशकात आमच्याकडची बरीच पोरं सिल्वासाच्या कारखान्यांत कामाला लागली, त्यांच्या मागोमाग मीही आलो. मशीनवर उभा राहायला मी निरुपयोगी निघालो. आठवड्यात दोनदा बोट चेंगरून घेतलं. पण चित्रकलेच्या दोन परीक्षा पास होतो, म्हणून किशोरभाईंकडे बोर्ड रंगवायला लागलो. किशोरभाई म्हणजे आमचे मालक. सामरवरणीच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती आणि आजूबाजूला रोज एक नवा कारखाना उगवत होता. प्रत्येक कारखान्याला बोर्ड हवा. आम्ही छोट्या चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखायचो, पत्र्यावर खडूने तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडायचो आणि एकेक चौकट वर उतरवायचो. पाठ मोडायची, पण नाक कुठे आणि कान कुठे हे हाताला कळायचं.

नव्वदचं दशक अर्धं सरलं तेव्हा किशोरभाईंनी कापडासारख्या प्लास्टिकवर छापणारं अवाढव्य यंत्र आणलं. त्याच्या शेजारी, एका टेबलावर, पेटीएवढा स्कॅनर आणि एक संगणक. बाकीचे सगळे त्या मोठ्या यंत्राकडे पाहत होते. किशोरभाईंनी मला त्या पेटीसमोर बसवलं. "पाटील, तू पेंटर छे ने? तेरी आँख अच्छी है. आ तुं संभाळ." अशा रीतीने माझी बढती झाली आणि डोळ्यांचा नंबर लागला.

बाहेरच्या माणसाला हे काम सांगायचं तर असं. स्कॅनर म्हणजे काचेवर पालथा ठेवलेला फोटो खालून दिवा फिरवून वाचणारं यंत्र. एका इंचात किती ठिपके वाचायचे ते आपण सांगायचं. छापताना चित्र जेवढं ताणायचं तेवढे ठिपके आधी गोळा करून ठेवायला लागतात. कणकेचा गोळा तेवढाच आणि पोळी परातीएवढी लाटायची म्हटलं की भोकं पडणार, तसंच हे. दोन इंची फोटो सहा फुटी करायचा म्हणजे छत्तीस पट लाटायचा. आमच्या स्कॅनरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात नऊ हजार सहाशे असा आकडा होता. खरे वाचलेले ठिपके सहाशेच; बाकीचे यंत्र आपल्या मनाने भरायचं. मोठे आकडे बघून किशोरभाई खूश आणि मी गप्प. गिऱ्हाइकांना मात्र एक गोष्ट पटता पटत नसे. रस्त्यावरचा फलक लांबून बघायचा असतो, त्यामुळे जवळून तो भरड दिसणारच. फलक जमिनीवर पसरलेला असताना लोक त्यावर ओणवे होऊन म्हणायचे, "डोळा फुटलेला दिसतो की." मी म्हणायचो, "शेठ, तुमचं गिऱ्हाईक खांबावर चढून बघणार आहे का?"

आणि मूळ चित्र म्हणून लोक काय काय आणायचे! एका कारखान्याच्या मॅनेजरने मालकाच्या वडिलांचा फोटो म्हणून स्मरणिकेचं पान फाडून आणलं. छापलेलं चित्र आधीच बारीक ठिपक्यांचं असतं. त्यावर आपले ठिपके बसले की लहरीलहरींची जाळी उठते. म्हातारबुवा मच्छरदाणीतून बघतायत असं दिसत होतं. ते पान काचेवर थोडं तिरकं ठेवून बघ, मग आणखी थोडं तिरकं, मग चित्र जरा धूसर कर, असं करत सहा वेळा स्कॅन केलं तेव्हा मच्छरदाणी उठली. दादऱ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला भिंतभर धबधबा हवा होता. तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घेऊन आला. झाकण फुगीर, चकचकीत आणि मधोमध पोचा आलेला.

"अहो, त्यापेक्षा वनगंगेच्या तळ्याचा चांगला फोटो काढून आणा ना. तुमच्या हॉटेलापासून चालत जाता येईल," मी म्हटलं.

"पाटीलभाऊ, ते काय बघायचं? ते तर आहेच."

धबधबा छापला. पोचा आला तिथे पाणी जरा मागे वळून वर चढत होतं. गिऱ्हाइकांनी कौतुक केलं असं तो नंतर सांगून गेला.

माझ्या हातून झालेली पहिली मोठी चूक डासाच्या पायाची. पावसाळ्यात शेडमध्ये डास फार. काच पुसायची, फोटोवरून मऊ ब्रश फिरवायचा, मग झाकण लावायचं, हा नियम मीच सगळ्यांना सांगायचो. एका कारखान्याच्या उद्घाटनाचा फलक होता, शेठजी हात जोडून उभे. पंधरा फुटी शेठजी वर चढले, पाहुणे जमले, आणि मग लक्षात आलं की शेठजींच्या ओठावर एका बाजूलाच, चांगली वीतभर लांब, वाकडी मिशी आहे. काचेवर डास मेला होता. बाकीचा डास उडून गेला असावा; पाय तेवढा राहिला. शेठजी आयुष्यभर सफाचट.

किशोरभाई त्या दिवशी ओरडले नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाटील, आजपासून एक पण डाग नाय पाहिजे. फोटोत असो, काचेवर असो, माणसाच्या तोंडावर असो. साफ करो ने, यार. सगळं साफ."

मी ते इतकं मनावर घेतलं की काही विचारू नका. संगणकात एक सोय असते; शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर थापायची. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कातडी थापत बसायचो. देवीचे व्रण गेले, चष्म्यावरची चमक गेली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. तक्रार एकही नाही. स्वतःचा डाग गेलेला कोणाला खटकत नाही. वापी-वलसाडकडून कामं येऊ लागली आणि "पाटीलकडे दे, तो चेहरा आरशासारखा करतो" असं लोक म्हणू लागले. मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. तिने माझ्या शर्टाकडे बघितलं आणि म्हणाली, "कॉलरीवरचा डाग दिसतोय का बघा जरा."

आणि मग देवजीभाई आले.

देवजीभाई दुधनीकडचे, एका सरकारी शाळेत शिपाई. अंगाने बारीक, बोलणं हळू. शाळेतले मास्तर मुंबई-कोकणातले, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक छोटी चौकट त्यांनी काढली.

"आई माझी. मंगलीबाई. तिला जाऊन येत्या रविवारी वर्ष होतं. गावजेवण घालतोय. मांडवात तिचा मोठा फोटो लावायचाय, सहा फुटी."

"एवढा मोठा?"

"पाटीलभाऊ, ती आयुष्यभर सगळ्यांच्या मागे उभी राहिली. एक दिवस तरी पुढे दिसू दे."

फोटो होता दोन इंचांचा. त्या भागात तेव्हा माणसाचा फोटो निघायचा तो सरकारी कागदाला लावण्यासाठी. मंगलीबाईंचाही तसाच कुठल्याशा कागदासाठी निघालेला, आणि त्यातली उरलेली ही एकच प्रत. दुसरा फोटो नाही. काळापांढरा, पिवळा पडलेला, आणि पावसाच्या दमटपणाने फ्रेमच्या काचेला आतून चिकटून बसलेला. सगळीकडे बुरशीचे ठिपके. मागच्या पडद्यावर, लुगड्यावर, कपाळावर, गालावर, हनुवटीवर.

चिकटलेला फोटो काचेवरून ओढायचा नाही, हे मला माहीत होतं. म्हणून काचेसकटच स्कॅन केला. मधे जास्तीची काच आली की चित्र जरा धुक्यातलं येतं, तसं आलं. तरी जमेल तेवढे ठिपके वाचले आणि साफ करायला बसलो. दोन दिवस लागले. बुरशीचा एकेक डाग उचलला. हनुवटीवरचे तर जरा जास्तच गडद होते, आणि त्यातला एक शेपूट असल्यासारखा खाली ओघळलेला. त्याला फार वेळ गेला. शेवटी मंगलीबाई अशा निघाल्या की मी स्वतःच खुर्ची मागे सरकवून बघत राहिलो.

मग रोजच्या सवयीने साफ केलेलं चित्र मूळ स्कॅनच्या जागी जतन केलं. संगणकाची जागा सदा भरलेली असायची. कच्चं स्कॅन ठेवत बसलो तर दुसरं काम उघडायचं नाही, म्हणून काम झालं की कच्चं पुसायचं, हा आमच्याकडचा रिवाज होता. आणि तो मीच पाडलेला होता.

शुक्रवारी सकाळी देवजीभाई फलक न्यायला आले. आम्ही तो शेडच्या आतल्या भिंतीवर टांगला होता. ते आत आले, बघितलं, आणि मागे वळून दुसऱ्या भिंतीकडे बघायला लागले. त्यांना वाटलं आपला फलक तिकडे असेल.

"देवजीभाई, हाच. कसा झालाय?"

ते जवळ आले. बराच वेळ बघत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. मग इतक्या नरमाईने विचारलं की जणू चूक त्यांचीच, "पण ही कोण?"

"म्हणजे? तुमची आई!"

"हो. डोळे तिचेच आहेत. पण..." त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "तिचं गोंदण कुठं गेलं?"

मला हे लिहिताना आजही कसंनुसं होतं. मी रोज बाजारात ज्या बायकांकडून भाजी घेत होतो, त्यांच्या हनुवटीवर गोंदण होतं. त्यांचं सोडा. माझ्या स्वतःच्या आईच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते, आणि लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी त्यांच्यावर बोट ठेवून मोजायचो. तेच ठिपके काचेवर आले तेव्हा मला बुरशी दिसली.

"अहो, एवढंच ना?" मी घाईघाईने म्हटलं. "तुम्ही बाहेर चहा घ्या. फोटो आहे ना तुमचा, पुन्हा स्कॅन करतो. उद्या दुपारपर्यंत नवा फलक हातात."

खरं तर पहिल्यासारखाच काचेसकट स्कॅन करायचा होता. पण त्या धुक्यात गोंदण कुठलं आणि बुरशी कुठली हे कळणार कसं? आता चूक व्हायला नको, आता अगदी स्पष्ट दिसलं पाहिजे, असं मला झालं होतं. आधी चुकलेला माणूस दुसऱ्यांदा जरा जास्तच काळजी घेतो, आणि तिथेच घात होतो. मी फ्रेम उघडली. फोटोचा वरचा अर्धा भाग काचेवरून सहज सुटला. माझा धीर वाढला. खालच्या भागासाठी दाढीचं पातं घेतलं आणि कागदाखाली हळूच सरकवलं. फोटो सुटला. कागद माझ्या हातात आला आणि मंगलीबाईंची हनुवटी काचेवरच राहिली, खपली धरावी तशी. आणि मी वाकून श्वास सोडला तेवढ्याने तिचे तुकडे झाले.

पुढे वलसाडच्या एका जुन्या स्टुडिओवाल्याने मला सांगितलं की असा फोटो काचेसकट पाण्यात भिजवून बघायचा असतो. मी त्याला विचारलं, "नक्की सुटतो?" तो म्हणाला, "नक्की काही नाही. पण पातं कोण घालतं?"

मी बाहेर गेलो. देवजीभाई बाकावर बशीतून चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर हात पुढे केला. एका तळहातावर फोटो, दुसऱ्या हातात काच. काय झालं ते सांगितलं. संगणकातलं मूळ मीच पुसलं होतं तेही सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बशी खाली ठेवली, फोटो घेतला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

थोड्या वेळाने मीच म्हटलं, "तुम्ही सांगा कुठे कुठे ठिपके होते. मी काढतो. मी पेंटर आहे मूळचा."

ते आत आले, माझ्या शेजारी बसले. पडद्यावर मंगलीबाई, गुळगुळीत.

"तीन होते," ते म्हणाले. मग, "चार असतील." मग डोळे मिटून बसले. "एक वाकडा होता, भाजल्यासारखा. उजवीकडे... का डावीकडे?" डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. "पाटीलभाऊ, चाळीस वर्षं हे तोंड बघितलं मी. आणि मला सांगता येत नाही."

किशोरभाई दारातून सगळं बघत होते. ते एरवी व्यवहाराचे माणूस, पण त्या क्षणी त्यांनीच विचारलं, "घर मा कोई नथी? भाई, बहन? मम्मी के साथ का कोई?"

देवजीभाईंनी मान वर केली. "मावशी आहे. बारकीमावशी. आईपेक्षा मोठी, पलीकडच्या पाड्यावर असते." मग जरा घुटमळून म्हणाले, "पण ती फार बोलते."

"बोलू दे ने," किशोरभाई म्हणाले.

शनिवारी सकाळी देवजीभाई मावशीला जीपने घेऊन आले. बारकीमावशी एवढीशी, वाकलेली, हातात काठी आणि तोंडात तंबाखू. त्यांची बोली वेगळी. अर्धी मला कळायची, अर्धी देवजीभाई सांगायचे. मी इथे माझ्या मराठीत लिहितो आहे. त्या आत आल्या आणि थेट भिंतीवरच्या फलकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काठीने वर खूण केली.

"ही कुणाची?"

"मावशी, आई आहे ती," देवजीभाई म्हणाले.

"ही मंगली?" म्हातारी हसली. "हिला तर काहीच झालेलं नाही."

तिने ते सहज म्हटलं. दोन वर्षं मी लोकांचे चेहरे आरशासारखे करत होतो, आणि मी नेमकं काय करत होतो ते या बाईने काठी न टेकता सांगून टाकलं.

मावशींच्या स्वतःच्या हनुवटीवर गोंदण होतं. पाच ठिपके, वर दोन, खाली तीन. कातडीत पसरून निळसर हिरवे झालेले. दोघी बहिणींनी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवून घेतलं होतं. मी पडद्यावर एक काळा ठिपका काढून दाखवला.

"हे काय? माशी?" मावशी म्हणाल्या.

खरंच माशीसारखा दिसत होता. गोंदण कातडीच्या वर नसतं, आत असतं, कडेने विरत गेलेलं. ते हाताने काढून जमेना. तेव्हा मला सुचलं ते सांगायलाही लाज वाटते, पण सांगतो. मी स्कॅनरचं झाकण उघडलं, काच नीट पुसली आणि म्हटलं, "मावशी, इथे हनुवटी टेकवता का?"

"पाटील!" किशोरभाई ओरडले. "मशीन तूटी जशे!"

"त्यांच्या हनुवटीने?"

मावशींनी देवजीभाईंना विचारलं, "चावतं का?"

"नाही मावशी. दिवा फिरतो फक्त. डोळे मिट."

त्या तंबाखू बाहेर थुंकून आल्या, स्टुलावर बसल्या, वाकल्या आणि काचेवर हनुवटी टेकवली, नदीवर पाणी प्यायला वाकावं तशी. मी दिवे घालवले. खालून उजेडाची पट्टी सरकत सरकत त्यांच्या चेहऱ्याखालून गेली. सगळे सुरकुतलेले पापुद्रे एकदा उजळले आणि विझले.

"गरम नाही," त्या तशाच अवस्थेत म्हणाल्या. आमचं ते स्कॅन हललं. दुसऱ्यांदा करावं लागलं, गप्प राहायच्या अटीवर, आणि ती अट त्यांना फार जड गेली.

पडद्यावर त्यांचे पाच ठिपके आले. माझ्या अख्ख्या नोकरीत मी केलेलं सर्वांत चांगलं स्कॅन ते असावं. निळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, कातडीची रेघ ठिपक्यातून कशी जाते, सगळं आलं होतं. रंग काढून टाकला, मंगलीबाईंच्या फोटोच्या करड्या छटेला आणला आणि एक ठिपका उचलून त्यांच्या हनुवटीवर ठेवला.

"हां," मावशी म्हणाल्या. "शेजारी दुसरा."

दुसरा ठेवला. मग त्यांच्या सांगण्याने खाली डावीकडे तिसरा. मग मी चौथा उचलला आणि त्यांच्यासारखाच मधोमध ठेवला.

"तो नाही."

"चौथा नव्हता?"

"होता. पण असा नाही." मावशी खुर्चीत पुढे सरकल्या. "आम्ही दोघी बसलो. आधी माझं झालं. मी रडले नाही. मग हिची पाळी. तीन झाले. चौथ्याला सुई लावली आणि ही उठली की पळत सुटली! सुई आत आणि ही उठली. ती बाई हातात सुई घेऊन बोंबलतेय, आमची आई मागे पळतेय, आणि ही पुढे. रात होईस्तो झाडावरून उतरली नाही. चौथा तसाच ओढला गेला. पाचवा राहिलाच."

देवजीभाई त्यांच्याकडे बघत होते. "मावशी, मला तर ती म्हणायची चुलीवर भाजलं."

"तर काय सांगेल? पळाले म्हणून सांगेल? लग्नात सासूने विचारलं तेव्हापण तेच सांगितलं. मला डोळ्यांनी दटावलं, बोलू नको म्हणून. मी आजपर्यंत बोलले नाही." मग जरा थांबून, "साठ वर्षं झाली असतील."

त्या फार बोलतात असं देवजीभाई म्हणाले होते.

मी चौथा ठिपका घेतला आणि त्याला खाली, तिरकं ओढलं. दोन दिवसांपूर्वी मी ज्या शेपटीवर तासभर कातडी थापली होती, तीच शेपूट मी परत बाहेर काढत होतो. मान भरून आली होती, डोळे चुरचुरत होते. दुपारपर्यंत छापायला द्यायचं होतं.

"बरोबर?"

"अजून."

आणखी ओढलं.

"अजून ओढ. लांब पळाली ती."

"मावशी, आता गळ्यावर जाईल."

"जाऊ दे. तू होतास का तिथं?"

देवजीभाईंना हसू फुटलं. आवाज न करता, तोंडावर हात धरून, खांदे हलवत ते हसत राहिले, आणि हात बाजूला केला तेव्हा चेहरा ओला होता. दारात उभे असलेले किशोरभाई बाहेर बघायला लागले.

मी शेपटीचं टोक केसभर आत घेतलं, केसभर खाली आणलं. मावशींनी पडद्याच्या इतकं जवळ तोंड नेलं की त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ धरली. त्यांनी पदराने ती पुसली, हळूच, लहान पोराचं तोंड पुसावं तशी. मग आपलं बोट त्या ओढलेल्या ठिपक्यावर दाबून धरलं.

"आता बस इथं, मंगले," त्या म्हणाल्या. "झालं सगळं. आता कुणी टोचत नाही."